मे महिन्यातला गेरू

सूर्याचं पत्र एप्रिलच्या सात तारखेला आलं आणि मे अर्धा सरला, तरी अविनाशनं त्याला उत्तर पाठवलं नव्हतं.

निळं अंतर्देशीय पत्र होतं, गुवाहाटीचा शिक्का असलेलं. अविनाशनं ते नकाशांच्या पुस्तकात, आसामच्या पानाशी ठेवलं होतं. रोज दुपारी आई आडवी झाली की तो ते काढायचा, वाचायचा आणि पुन्हा घडी घालून ठेवून द्यायचा. घड्या घालून घालून कागद कापडासारखा मऊ झाला होता.

पत्र लहानसंच होतं. सूर्याला मुळात लिहिण्याचा कंटाळा. 'इथे शाळेत कोणी मराठी बोलत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच डबा खातो. आपला कडुनिंब कसा आहे? माझ्या फांदीवर आता कोण बसतं? खरं सांग.'

त्या 'खरं सांग'पाशीच सगळं अडलं होतं.

दिल्लीत, मुनिरक्याच्या पलीकडे, सरकारी नोकरांच्या त्या कॉलनीत माणसं नेहमीच येत आणि जात. एक दिवस ट्रक येतो, कपाटं आणि गाद्या चढतात, आणि संध्याकाळी समोरच्या घरात दिवा लागत नाही. फेब्रुवारीत सूर्याच्या वडिलांची बदली झाली तेव्हाही तसंच झालं. त्याआधी दोन वर्षं अविनाश आणि सूर्या ह्यांनी मार्केटमागच्या मैदानातला कोपऱ्यातला कडुनिंब आपला मानला होता. चढायला सोपं जावं म्हणून त्याच्या खोडात आठ मोठे खिळे ठोकले होते. डावी फांदी सूर्याची, उजवी अविनाशची.

सूर्या गेल्यावर अविनाश तिथे फिरकलाच नाही. बाल्कनीतून मात्र पाहायचा. मार्चमध्ये सगळ्या कडुनिंबांची पानं झडली, एप्रिलमध्ये सगळ्यांना तांबूस पालवी आली. कोपऱ्यातल्या झाडाला काही आलं नाही. एकदा सफारी सूट घातलेला एक ठेकेदार टेप घेऊन मैदान मोजताना दिसला म्हणून अविनाश खाली गेला होता. ठेकेदारानं खिळ्यांवर बोट ठेवून विचारलं होतं, "ये किसने ठोकीं? कील ठोकने से पेड़ मर जाता है, बेटा."

अविनाश तिथून घरी आला तो थेट अंथरुणात शिरला. सूर्याला काय लिहायचं? तुझ्या फांदीवर कोणी बसत नाही, आणि झाड आपणच मारलं?

मेमधल्या त्या दुपारीही तो पत्र घेऊन बसला होता, तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची वृंदा उभी होती आणि तिच्यामागे दोन वेण्या घातलेली एक अनोळखी मुलगी.

"ही लतिका, माझी मामेबहीण. पुण्याहून आलीये छुट्टीला," वृंदा म्हणाली. "चल, कॅरम खेळू. तिसरा कोणी मिळत नाहीये."

"तिघांत कॅरम कसा खेळणार?"

"तू स्कोर लिही ना, यार."

"'छुट्टी' नाही गं, 'सुट्टी'," लतिका म्हणाली. "आणि स्वतः दारात येऊन कोणी असं बोलावतं का? स्कोर लिही म्हणे."

अविनाशला हसू आलं. फेब्रुवारीपासून त्याच्या घरी त्याच्यासाठी म्हणून बेल वाजवणारं कोणी आलं नव्हतं. स्कोर तर स्कोर.

कॅरम काही झाला नाही. वृंदाच्या घरची वीज गेली, कूलर बंद पडला, म्हणून तिघं जिन्यातल्या जाळीशी येऊन बसली. बाहेर लूचा तापलेला वारा सुटला होता. मैदानात चिटपाखरू नव्हतं. फक्त एक माणूस डोक्याला पंचा गुंडाळून कडुनिंबाच्या खोडाला रंग देत होता. खाली पांढरा चुना, मध्ये गेरूचा लाल पट्टा, वर पुन्हा चुना.

"तुमच्याकडे झाडं उन्हाळ्यात पण रंगवतात?" लतिकानं विचारलं.

"हो, मग? सगळीकडे रंगवतात," वृंदा म्हणाली.

अविनाश मात्र जाळीला नाक लावून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "नाही."

"क्या नाही?"

"मे महिन्यात नाही रंगवत. सव्वीस जानेवारीच्या आधी रंगवतात. रस्त्याच्या कडेची पण तेव्हाच. दर वर्षी. मी लहानपणापासून बघतोय."

वृंदानं आठवून पाहिलं. "अरे, बिल्कुल. परेडच्या आधी. मग हा आत्ता कशाला रंगवतोय? आणि रस्त्याची झाडं सोडून फक्त मैदानातली?"

"रंग उरला असेल," लतिका म्हणाली.

"सरकारी रंग उरतो का कधी?" वृंदा म्हणाली. हे वाक्य ती तिच्या बाबांकडून शिकली होती.

रंगारी बादली उचलून मार्केटच्या व्हरांड्यात जेवायला गेला. वृंदानं पाण्याची बाटली घेतली, तिघांनी डोक्याला ओढण्या आणि रुमाल बांधले आणि ती मैदानात उतरली. जमीन चपलेतून भाजत होती.

मैदानात सात कडुनिंब होते. सहा हिरवेगार, मोहोर झडत आलेले, आणि कोपऱ्यातला तो एक वाळलेला. अविनाश त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"ह्याला काय झालंय?" लतिका पहिल्या झाडाशी वाकली. गेरूच्या ओल्या पट्ट्यातून मधाच्या रंगाचा डिंक बाहेर येत होता. त्याच्या ओघळाला मुंग्या लागल्या होत्या. "झाडाला लागलंय काहीतरी."

वृंदानं ओढणीचं टोक भिजवलं आणि पट्टा पुसला. गेरू हाताला लागला, चुना निघाला, आणि खाली खोडाभोवती एक खाच दिसली. चार बोटं रुंद आणि सरळ. वर आणि खाली साल होती, मध्ये सालच नव्हती. कुऱ्हाडीचे घाव स्पष्ट दिसत होते.

वृंदा दुसऱ्या झाडाकडे धावली, तिसऱ्याकडे धावली. सगळीकडे तेच. पट्टा पुसला की खाच.

"आणि तो कोपऱ्यातला?" लतिकानं विचारलं. त्याच्यावरही पट्टा होता, जुना, धुळीनं मळलेला.

"तो राहू दे," अविनाश घाईनं म्हणाला. "तो वाळलेलाच आहे."

खरं कारण त्यानं सांगितलं नाही. त्या पट्ट्याखाली खाच असली तर ठीक. पण नसलीच तर? मग ते आठ खिळे. पुसलं नाही तोवर निदान माहीत तरी नव्हतं.

"आता कोणाला सांगायचं?" लतिका म्हणाली.

"चंद्रप्रभा आजींना," वृंदा म्हणाली. "त्या शेतकी संस्थेत होत्या. झाडांचं सगळं त्यांना येतं. पण त्या दार उघडतील का, गॅरंटी नाही. आजोबा गेल्यापासून त्या बाहेरच येत नाहीत."

चंद्रप्रभा आजींनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून चष्म्याची एकच काच दिसत होती. वृंदा एका दमात बोलत सुटली. डिंकाचं नाव निघाल्यावर साखळी निघाली.

खोलीत आजींची एक खुर्ची होती आणि दुसरीवर वर्तमानपत्रांचा ढीग. आजींनी तो खाली ठेवला, पण तीन मुलं एका खुर्चीवर मावेनात, म्हणून सगळे जमिनीवरच बसले. आजीसुद्धा.

"झाडाचं जेवण पानांत तयार होतं," त्या म्हणाल्या. "ते सालीच्या आतल्या बाजूनं मुळांपर्यंत उतरतं. सगळीकडून साल काढली की मुळं उपाशी राहतात. झाड लगेच मरत नाही. दोन-चार महिने लागतात. तोवर बघणाऱ्याला वाटतं, आपोआप सुकलं."

"पण कोणी असं का करेल?"

"हिरवं झाड तोडायला वनखात्याची परवानगी लागते, आणि ती सहजासहजी मिळत नाही. वाळलेलं, धोक्याचं झाड असलं की मिळते. मैदानात पार्किंग होणार आहे ना? झाडं आड येत असतील." आजी थांबल्या. "आणि ऐका, मला पार्किंग हवंय. मीच पहिली सही केलीय त्या अर्जावर."

मुलं चमकली.

"ह्यांना झटका आला त्या दिवशी अँब्युलन्स मार्केटच्या तोंडाशी अडकली. दोन्ही बाजूंना गाड्या. सोळा मिनिटं. मी गॅलरीतून बघत होते. तेव्हा गाड्यांना जागा हवी, हे मला कोणी शिकवू नये. पण झाडं मारून नको." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चला, दाखवा."

वर्षभरात आजी पहिल्यांदा जिना उतरल्या. त्यांनी खाचेत नख खुपसलं, वास घेतला, मग पदरानं बोट पुसलं. "आळशी माणसाचं काम आहे. खोल नाही गेला. आतला ओला पदर जागोजागी शिल्लक आहे. शेणमाती लावून गोणपाट गुंडाळलं आणि रोज ओलं ठेवलं तर काही वाचतील." मग त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. "त्याचं मात्र काही खरं नाही."

अविनाश मान खाली घालून उभा होता.

संध्याकाळी तो बाबांसमोर जाऊन उभा राहिला. बाबा, म्हणजे शशिकांत, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आणि कॉलनीच्या संघटनेचे सेक्रेटरी होते. घरीसुद्धा ते फायलीतच डोकं घालून बसत.

"बाबा, मैदानातली झाडं सुकलीयत असं कोणी लिहून दिलंय का?"

"मी. ना-हरकत पत्र. सात झाडं वाळलेली, संघटनेची हरकत नाही. रविवारी सकाळी वनखात्याचे साहेब येतायत तपासणीला. का?"

"सात नाही, एकच वाळलंय."

"ठेकेदारानं दिलेल्या यादीत सात आहेत."

"तुम्ही खाली जाऊन पाहिलीत?"

बाबांनी चष्मा काढला. मैदान त्यांच्या बाल्कनीच्या थेट खाली होतं. चष्मा पुसून त्यांनी परत लावला. "अवि, कागद रीतसर आला होता. प्रत्येक कागदामागे धावत सुटलो तर ऑफिस चालेल का? आणि गाड्या कुठे लावायच्या, माझ्या डोक्यावर?"

"झाडं कोणीतरी कापलीयत, बाबा."

"कापलीयत म्हणजे? उभी तर दिसतायत," बाबा म्हणाले आणि पान उलटलं.

अविनाश आत गेला. नकाशांचं पुस्तक त्यानं उघडलं नाही. वादळ आलं तरी जागचा न हलणारा हा माणूस रविवारी जागचा हलला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

शनिवारी जिन्यात तिघांची बैठक भरली.

"सोपं आहे," वृंदा म्हणाली. "साहेब यायच्या आधी सगळे पट्टे धुऊन टाकायचे. खाचा आपोआप दिसतील."

"आणि पाणी? नळ तर फक्त सहा ते सात येतो. तो आत्या सोडेल का?" लतिकानं विचारलं.

"कूलरचं पाणी काढू."

"मग घरातले सगळे भाजतील की," लतिका म्हणाली.

"एक दिवस भाजू देत."

अविनाश जाळीतून मैदानाकडे बघत होता. मग म्हणाला, "धुतल्यावर तो ठेकेदार म्हणेल, खाचा ह्या पोरांनीच केल्या."

हे खरं होतं. वृंदाचा चेहरा पडला.

"एक झाड धुवायचं नाही," अविनाश म्हणाला. "साहेबांनाच धुवायला सांगायचं. त्याच्यावरचा रंग जुना आहे, सुकलेला. त्याच्याखाली खाच निघाली तर ती आपण आत्ताच केली, असं कोणी म्हणू शकणार नाही."

"क्या बात है," वृंदा म्हणाली. "कोणतं झाड?"

जुना रंग एकाच झाडावर होता.

"कोपऱ्यातलं."

रविवारी सहालाच ऊन चढायला लागलं होतं. वृंदानं तीन घरचे कूलर रिकामे केले. एकाला तर तिनं विचारलंही नव्हतं. लतिका बादल्या आणत होती आणि दर खेपेला पुण्याच्या हवेचं कौतुक करत होती. अविनाश गोणपाटानं खोडं घासत होता. साडेसातला सहा खोडं उघडी पडली. मुलं गुडघ्यांपर्यंत गेरूनं लाल झाली होती.

आठला जीप आली. वनखात्याचे साहेब उतरले, सोबत ठेकेदार, आणि इस्त्रीच्या झब्ब्यात, हातात फाइल घेतलेले बाबा. चंद्रप्रभा आजी आधीच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

साहेब पहिल्या झाडाशी थांबले. दुसऱ्याशी थांबले. मग त्यांनी वर हिरव्या फांद्यांकडे पाहिलं आणि हातातल्या कागदाकडे पाहिलं. "सेक्रेटरी साब, आपने लिखा है सूखे हैं."

बाबांच्या कपाळावर घाम आला. ते खाचेजवळ गेले, बोट फिरवलं. त्यांच्या बोटाला डिंक चिकटला.

"साहब, ये इन बच्चों की शरारत है," ठेकेदार पुढे झाला. त्याचा आवाज अगदी गोड होता. "सुबह से यहीं लगे हुए हैं, देखिए, हाथ लाल हैं. वो कोनेवाला पेड़ भी इन्होंने ही मारा. उसमें आठ कीलें ठुकी हैं. पूछिए, किसने ठोकीं."

सगळे कोपऱ्याकडे वळले. वाळक्या फांद्या, खोडात एकावर एक आठ खिळे. वृंदानं आणि लतिकानं अविनाशकडे पाहिलं. खिळ्यांची गोष्ट त्यानं त्यांना सांगितली नव्हती.

"किसने ठोकीं?" साहेबांनी विचारलं.

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. कोणाला काही माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो गुवाहाटीला होता.

"मैंने," अविनाश म्हणाला. "मेरे दोस्त ने और मैंने. दो साल पहले."

"देखा?" ठेकेदार म्हणाला.

"अवि..." बाबा पुटपुटले.

अविनाश झाडापर्यंत चालत गेला आणि भरलेली शेवटची बादली त्यानं साहेबांसमोर ठेवली. "इस पेड़ को हमने हाथ नहीं लगाया, सर. इसका रंग पुराना है. नीचे क्या है, मुझे भी नहीं पता. आप धोइए."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बाह्या वर केल्या, गोणपाट भिजवलं आणि खालच्या खिळ्याच्या वितभर खाली पट्टा घासायला सुरुवात केली. धूळ निघाली. लाल पाणी मुळाशी ओघळलं. अविनाशनं डोळे मिटून घेतले होते.

"हं," साहेब म्हणाले.

त्यानं डोळे उघडले. खोडाभोवती खाच होती. जुनी, काळी पडलेली, बाकीच्यांपेक्षा दुप्पट खोल. कडेवर डिंकाचे खडे झाले होते आणि त्या खड्यांवर चुना बसलेला होता.

"डिंक आधी, चुना नंतर," आजी खुर्चीतून म्हणाल्या आणि तेच पुन्हा हिंदीत साहेबांना सांगितलं. "झाड कापलं, ते रडलं, आणि मग त्याला रंग लावला. आणि अविनाश, आठ खिळ्यांनी एवढा कडुनिंब मरत नाही. ठोकू नयेत ते खरंच. पण मरत नाही."

अविनाशनं मान हलवली.

ठेकेदार काहीतरी सांगू लागला. रंग लावणारा माणूस कुठला, मजूर कोणाचे, आपल्याला कल्पनाच नाही. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि सगळं लिहून त्याची सही घेतली. "बाकी दफ़्तर में आकर बताइए," ते म्हणाले.

बाबा मात्र अजून खाचेसमोरच उभे होते. मग त्यांनी जीपच्या बॉनेटवर फाइल ठेवली, कोरा कागद काढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं की आधीचं ना-हरकत पत्र आपण झाडं न पाहता दिलं होतं आणि ते मागे घेत आहोत. 'न पाहता' हे शब्द त्यांनी खोडले नाहीत. सही करून त्यांनी तो कागद आधी अविनाशला वाचायला दिला.

"बरोबर आहे?"

"हो."

"वीस वर्षांच्या नोकरीत असा कागद पहिल्यांदा लिहिला," बाबा म्हणाले. "तू तिथे एकटा उभा राहिलास. मला नसतं जमलं."

पार्किंग रद्द झालं नाही. व्हायलाही नको होतं. जूनमध्ये आजींच्या जमिनीवर नकाशा पसरून बाबा आणि मार्केटवाले चार संध्याकाळी भांडले. साठ गाड्यांच्या त्रेचाळीस झाल्या. गाड्यांच्या रांगा झाडांच्या मधून जायच्या, प्रत्येक बुंध्याभोवती माणूस आडवा झोपेल एवढी माती उघडी ठेवायची, आणि मार्केटच्या तोंडाशी अँब्युलन्सपुरती जागा कायमची मोकळी. ह्या शेवटच्या अटीवर आजी कोणाचं काही ऐकेनात. दुकानदार म्हणाले, सतरा गाड्या गेल्या. आजी म्हणाल्या, उरलेल्या त्रेचाळीस सावलीत राहतील, तुमचंच गिऱ्हाईक खूश होईल.

सहा झाडांना शेणमाती आणि गोणपाटाच्या पट्ट्या बांधल्या. रोज पाणी घालायचं काम मुलांचं. वृंदाला शेणाचा वास सहन होईना, लतिका म्हणाली, "दिल्लीची राणी." आजींनी सगळ्यांना सरबत दिलं आणि वर्तमानपत्रांचा ढीग खुर्चीवर पुन्हा चढवला नाही. जूनअखेर एका खाचेच्या कडेला फिकट, कोवळी साल पुढे सरकलेली दिसली. एका झाडाची मात्र पानं पिवळी पडत चालली होती. आजी म्हणाल्या, बघू.

लतिका पुण्याला गेली. वृंदा आजोळी गेली. जिना पुन्हा रिकामा झाला.

आणि कोपऱ्यातला कडुनिंब तोडायला माणसं आली. रीतसर परवानगी घेऊन, दिवसाउजेडी. अविनाश बाल्कनीतून शेवटपर्यंत बघत राहिला. डावी फांदी आधी पडली. ट्रक भरून गेला, तेव्हा आकाशाचा एक तुकडा उघडा पडला होता. आजवर तो कधी दिसला नव्हता. त्याच्याकडे बघवत नव्हतं, आणि नजरही तिथेच जात होती.

त्या दुपारी त्यानं नवं अंतर्देशीय पत्र घेतलं.

'सूर्या, उत्तराला उशीर झाला, कारण मला वाटत होतं की झाड आपण मारलं. आपण नाही मारलं. पण ते मेलं. आज तोडलं. तुझ्या फांदीवर शेवटपर्यंत कोणी बसलं नाही, माझ्याही नाही. तू गेल्यावर मला एकट्याला चढावंसं वाटेना. हे मी आधीच लिहायला हवं होतं, म्हणजे तुला डबा खाताना वाटलं असतं की इथेही एक जण तसाच आहे. आता सगळं पहिल्यापासून सांगतो...'

तिन्ही बाजू भरल्या, कडेच्या पट्टीतसुद्धा अक्षरं कोंबली. मग पत्र चिकटवून तो खाली उतरला. मार्केटच्या तोंडाशी लाल पेटी होती. पाचची डाक निघायला अजून वेळ होता. उन्हानं तापलेलं पेटीचं झाकण त्यानं रुमालानं उचललं आणि पत्र आत सोडलं.